अडुळशाचं कुंपण

“हिरवळ लावायची न्हाई,” आत्या म्हणाल्या.

मी हातातला कागद त्यांच्यापुढं धरून उभी होते. आठवडाभर खपून त्यावर रंगीत पेन्सिलींनी सगळं काढलं होतं. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती दगडी फरशी, फरशीच्या कडेनं हिरवळ, हिरवळीत दोन चाफे, एका अंगाला लिलीचा वाफा. दक्षिणेची बाजू मी मुद्दाम मोकळी सोडली होती, म्हणजे पाण्यात पाठीवर तरंगताना समोर डोंगर दिसावा. आत्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“का नाही लावायची?”

“लई पाणी पिती.”

“अहो, अख्खा तलाव भरायचाय आपल्याला. त्यापुढं हिरवळ ती किती पिणार?”

“म्हणूनच म्हणती,” असं म्हणून त्या घरात गेल्या. मी कागद घेऊन मातीच्या ढिगावर बसले. ठेकेदार तलाव बांधून गेला होता आणि मागं लाल मातीचे ढीग, फुटक्या निळ्या फरश्या आणि सिमेंटची रिकामी पोती ठेवून गेला होता. तेवढं सगळं साजरं करायचं काम माझ्याकडं आलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. आणि आमचा भाग म्हणजे खानापूर तालुका, जिथली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. गलाई म्हणतात त्या धंद्याला. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, दुकान सेलमला होतं. वर्षातून एकदा, चैत्रात गावची यात्रा भरली की सगळे गलाईवाले गाड्या भरून गावात येतात आणि कोणाचा बंगला कोणापेक्षा भारी, हे त्या चार दिवसांत ठरतं. बाकीचं वर्ष त्या बंगल्यांत कबुतरं राहतात.

आदल्या वर्षीच्या यात्रेत एका भाऊबंदानं आपल्या दोन मजली घराला लिफ्ट बसवली होती. आबांच्या ते जिवाला लागलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत आमच्या परसात पोहण्याचा तलाव तयार झाला. किडनीच्या आकाराचा. सांगलीच्या इंजिनीअरनं ती फॅशन आहे म्हणून सांगितलं होतं. आबा त्याला ‘स्विमिंग’ म्हणायचे आणि आत्या ‘मुतखडा’.

गंमत अशी की आबांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धनाजीला, पाण्याची भीती. अख्ख्या घरात पोहता येणारी एकटी मी. मी कोल्हापूरची, कॉलेजात विद्यापीठाच्या संघातून पोहायचे. पहाटे पाण्यात पडल्याशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. लग्नानंतर तीन वर्षं सेलमला दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत काढली. तिथं पाणी पिंपात साठवायचं आणि तांब्यानं अंगावर घ्यायचं. मी कधी तक्रार केली नाही, पण झोपेत पाय मारायचे, असं धनाजी सांगायचा. त्यामुळं आबा फोनवर म्हणाले, “जयमाला, भाईरचं तू आन् तुजी सासू बगा, यात्रंला पाव्हण्यांचं डोळं दिपलं पायजेत,” तेव्हा मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. बापलेक सेलमला आणि आम्ही दोघी गावात. वर्षभर मी, डोंगर आणि ते निळं पाणी, असं माझं मनातल्या मनात ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला हाताला धरून परसाच्या कडेला नेलं. तिथं कमरेइतकी भिंत आणि वर लोखंडी जाळी होती. जाळी आबांनी हौसेनं लावून घेतली होती. पलीकडं मागचा रस्ता. गावात नळ आले होते, पण पाणी चौथ्या दिवशी यायचं. मधल्या दिवसांत वरच्या वस्तीतल्या बायका याच रस्त्यानं विहिरीवर जायच्या.

“ह्या जाळीला कुंपान लाव,” आत्या म्हणाल्या. “दाट. आरपार काय दिसलं न्हाई पायजे.”

“मग डोंगर कसा दिसणार?”

“डोंगर बगायचा तर गच्चीवर जा.”

“आणि मी पोहायचं कधी?”

आत्यांनी आपला हात डोक्यावर आडवा धरून उंची दाखवली. “कुंपान हितवर आलं की उतर. त्याच्या आदी पाण्यात पाऊल टाकायचं न्हाई. माझं येवडं ऐक.”

सासू काय सांगतेय ते कळायला माझी अक्कल पुरेशी होती. पाटलांच्या आळीतली सून, तोकड्या कपड्यात, रस्त्यावरच्या लोकांदेखत पाण्यात. गावात काय शोभा होईल! मी त्या रात्री धनाजीला फोन करून तोंड सोडलं. तुझी आई मला झाडाआड कोंडतेय म्हणाले. तो म्हणाला, “तू आणि आई बघा.” बापाचंच वाक्य त्यानं जरा शुद्ध भाषेत म्हटलं.

विट्याच्या नर्सरीत मी आधी बांबू मागितला. नर्सरीवाला म्हणाला, बांबू लावलात तर जन्मभर पाण्यातली पानं काढत बसाल. शेराचं झाड लावावं तर त्याचा चीक डोळ्यात जायची भीती. शेवटी त्यानंच अडुळसा सुचवला. शेळी तोंड लावत नाही, पानगळ फार नाही, पाणी मिळालं तर वर्षभरात पुरुषभर वाढतो. आषाढात आम्ही दोघींनी मिळून चर खणून तो लावला. आत्यांनी पदर खोचून माझ्या दुप्पट काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. फरशी खडबडीत घ्यायची, चाफे चालतील, लिली नको, असे बाकीचे तह त्याच महिन्यात झाले. हिरवळीच्या जागी मी खडी आणि मधूनमधून कोरफड लावली. वाईट दिसत नव्हतं, पण मी तसं बोलून दाखवलं नाही.

तलाव आबांच्या हुकमानं शेतातल्या विहिरीवरून भरला गेला. ज्या दिवशी तो काठोकाठ भरला, त्या दिवशी मी दिवसभर त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. आत्या मागच्या दारापर्यंत आल्या, एकदा बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी गडी बोलावून त्यांनी सगळ्या तलावावर निळी ताडपत्री ताणून बांधली.

“धूळ पडती,” त्या म्हणाल्या.

मग सुरू झाली माझी वाट बघण्याची नोकरी. अडुळशाला आत्या नळाचं पाणी घालू द्यायच्या नाहीत. न्हाणीघरातलं पाणी एका खड्ड्यात साठवायचं आणि बादलीनं ओतायचं. एवढा पैसा आणि एवढा चिकटपणा, मी मनात म्हणायचे. दर सोमवारी आत्या कुंपणाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि मला विचारायच्या, “कुटवर आलं गं?” दिवाळीत ते कमरेला आलं, संक्रांतीला छातीला. मी मध्येच कधी ताडपत्रीचा कोपरा उचलून हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे आणि तशीच बसून राहायचे. एकदा आत्यांनी मला तसं पाहिलं. मला वाटलं आता बोलणार. त्या परत फिरल्या, आणि त्या दिवसापासून रोज एक जादा बादली त्या स्वतः कुंपणाला घालू लागल्या.

माघात अडुळशाला पांढरी फुलं आली. फाल्गुन संपता संपता तो आत्यांच्या कपाळाला लागला. दाट, हिरवागार. रस्त्यावरून कोण चाललंय ते फक्त पैंजणावरून कळायचं. मी कपाटातून पोहण्याचा पोशाख काढून उन्हात घातला. आत्यांनी तो दोरीवर बघितला, “येवडाच?” म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना बघून माझाही राग जरा निवळला. यात्रेनंतरच्या सोमवारी उतरायचं असं आमचं ठरलं.

आणि यात्रेच्या चार दिवस आधी आबा आले.

गाडीतून उतरले ते सरळ परसात गेले. मी चहा घेऊन मागं गेले तर ते कुंपणासमोर कमरेवर हात ठेवून उभे.

“हे काय?”

“अडुळसा आहे, आबा.”

“ते दिसतंय. स्विमिंग कुटं हाय?”

“ते ताडपत्रीखाली.”

“आगं, पर रस्त्यावरनं दिसंना झालंय की! म्या काय झाकून ठिवायला बांदलंय व्हय? त्यो लिफ्टवाला उद्या हितनं जाणार. त्याला काय पाला दावू?”

त्यांनी मुद्दाम वाईट काही केलं नाही. त्यांनी फक्त गड्याला हाक मारली. दुपारपर्यंत अडुळसा गुडघ्याएवढा झाला आणि ताडपत्री घडी घालून गोठ्यात गेली. निळं पाणी उन्हात लखलखत होतं आणि माझा डोंगरही समोर दिसत होता. ज्यासाठी मी वर्षापूर्वी भांडले ते सगळं मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. कापलेला पाला आत्यांनी स्वतः गोळा करून चाफ्यांच्या बुंध्याशी टाकला.

संध्याकाळी आबा पाव्हण्यांना आणायला गेल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत पुरणाची डाळ निवडायला बसलो. मला राहवलं नाही.

“आता काय करायचं, आत्या? आणखी एक वर्ष थांबू? का म्हातारी झाल्यावर उतरू?”

“थांब म्हणलं न्हाई मी.”

“मग सरळ सांगा ना. सून उघडी दिसेल, गाव हसेल, तुम्हाला माझी लाज वाटते. एकदा म्हणा, म्हणजे मी तो पोशाख चुलीत घालते.”

आत्यांचा हात सुपात थांबला.

“तुजी? तुजी कशाची लाज गं? दोरीवर वाळत घातलास तवा म्या काय म्हणलं का? देवानं दिल्यालं अंग हाय, पवायची कला हाय. तुजी न्हाई वाटत.”

“मग कुणाची?”

“पाण्याची.”

मला काही कळलं नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“धना लहान हुता तवा मी न्हवती सेलमला. हितंच हुती, तुजे आबा तिकडं. चार-पाच वर्सं पाऊस न्हाई. गावात टँकर यायचा, आडात पाणी वतून जायचा, आन् आमी बाया वरनं शेंदायच्या. आर्धा चिखल. शेवंता ठाऊक हाय न्हवं तुला? वरच्या वस्तीतली?”

ठाऊक होती. रोज सकाळी डोक्यावर दोन हंडे घेऊन मागच्या रस्त्यानं जाणारी, काटक, मोठ्या आवाजाची बाई.

“तिच्या कपाळावर वण हाय. बगितलास?”

“हो. पडल्या असतील लहानपणी.”

“माझ्या हंड्याचा हाय त्यो.” आत्यांनी एक खडा उचलून लांब फेकला. “शेवटची येक कळशी निगत हुती आडातनं. ती म्हणली माजी, म्या म्हणलं माजी. तिचं प्वार आजारी, माजं बी. म्या हंडा उचलून हाणला. रगात आलं तशी ती खाली बसली, आन् म्या ती कळशी घिऊन घरला आली. धनाला पाजलं. त्या दिसापास्नं ती माझ्याशी बोलती, हसती, हळदीकुंकवाला बी येती. तिनं कवा काडलं न्हाई, आन् म्या बी न्हाई.”

परसात तलावाचं पाणी वाऱ्यानं किंचित हलत होतं. आत्यांनी तिकडं बोट केलं.

“ती रोज हितनं जाती. आजून बी हंडं हाईत तिच्या डोस्क्यावर. आन् माझ्या दारात हे येवडं, नुसतं बगायला. काय त्वांड दावू सांग. तुमी शिकल्याल्या, तुमाला वाटलं सासू सुनंला झाकती.”

मी डाळीचं दुसरं सूप पुढं ओढलं आणि आम्ही अंधार पडेपर्यंत निवडत बसलो.

यात्रेचे दोन दिवस पाव्हण्यांच्या जेवणावळीत गेले. लिफ्टवाला आला, तलावाला एक फेरी मारून ‘छान आहे, पण लहान वाटतो’ म्हणाला, आणि आबा रात्री जेवले नाहीत. तिसरा दिवस कुस्त्यांचा. आमच्याकडं त्या दिवशी जेवणं उरकली की गावातला झाडून सगळा बाप्या माळावरच्या मैदानात जातो. पोरं, म्हातारे, आजारीसुद्धा. बायका त्या बाजूला फिरकत नाहीत. दिवस मावळेपर्यंत गाव नुसतं बायकांचं असतं.

आबा आणि यात्रेपुरता सेलमहून आलेला धनाजी फेटे बांधून बाहेर पडले तशा आत्या नवं लुगडं नेसून खाली आल्या. सकाळपासून दोन वेळा त्या कुठं जाऊन आल्या होत्या, ते मला आता कळलं. मागच्या रस्त्यानं बायका येत होत्या. आमच्या आळीतल्या पाचसहा, वरच्या वस्तीतल्या दहाबारा. पुढं शेवंताक्का. आत्यांनी मागचं फाटक सताड उघडलं.

“या गं. च्या घ्यायला बलिवलंय, लाजताय काय?”

बायका आत आल्या आणि जाळीच्या कडेलाच थांबल्या. कापलेल्या अडुळशाच्या पुढं एकही पाऊल टाकेना. पाण्याकडं बघत होत्या, पण तोंडानं ‘बंगला लई झ्याक’ म्हणत होत्या. कुणी पदर तोंडाला लावला होता. शेवटी शेवंताक्कानंच विचारलं, “हौसा, किती हंडं बसत्यात गं ह्यात?”

कुणी हसलं नाही. आत्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता त्या घरात जाऊन दार लावून घेणार.

“जयमाला,” त्या म्हणाल्या, “ते तुजं पवायचं घालून ये.”

“आता? सगळ्यांसमोर? आत्या, त्यानं गुडघेसुद्धा झाकत नाहीत.”

“झाकून झाकून वरीस घालिवलं. आता काय झाकायचं न्हाई. जा.”

मी पोशाख घालून, वर टॉवेल गुंडाळून आले. विद्यापीठाच्या स्पर्धेतसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. टॉवेल टाकला, कडेवर उभी राहिले, आणि मागून कुणीतरी ‘आई गं’ म्हणायच्या आत सूर मारला.

पाण्याखाली आवाज बंद झाले. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते थंडगार पाणी अंगाला सगळीकडून भिडलं आणि मी एका दमात तळाशी जाऊन पुढं सरकत राहिले. मला वर यायचंच नव्हतं. पलीकडच्या टोकाला डोकं वर काढलं तेव्हा काठावर एकच गलका उडाला होता.

“आगं बुडली की ती!”

“बुडली न्हाई, ती बग तिकडं निगाली!”

“मासाच हाय गं तुजी सून!”

मी पाठीवर झाले, पालथी झाले, येताना हात मारत आले. येते तर बायका फरशीवर, अगदी पाण्याच्या कडेला. आणि आत्या लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पायऱ्या उतरत होत्या. दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. त्यांनी मागं हात केला.

“शेवंते, ये.”

“माजं पाय रस्त्याच्या धुळीनं भरल्यात गं.”

“असू देत. तुजं येनं हाय माझ्याकडं.”

शेवंताक्का काठावर उभीच राहिली. उन्हात तिच्या कपाळावरचा वण मला पाण्यातून स्पष्ट दिसत होता. आत्या तोच बघत होत्या आणि शेवंताक्का आत्यांकडं. मग शेवंताक्कानं कासोटा घट्ट केला, आत्यांचा हात धरला आणि ती उतरली. “लई गार हाय गं रांडचं,” ती मोठ्यांदा म्हणाली, आणि मग कुणाला थांबवणं शक्य नव्हतं.

त्या दुपारी आमच्या तलावात काय नव्हतं? नऊवारी होत्या, गोल साड्या होत्या, एक तर हातात चहाचा कप घेऊनच उतरली. कुणी पायरीवर बसून एकमेकींच्या पाठी चोळत होत्या. दोघींना मी पोटाखाली हात धरून तरंगवलं. त्या किंचाळल्या आणि परत परत म्हणाल्या. आत्या आणि शेवंताक्का कंबरभर पाण्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्या काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही. बोलत होत्या की नाही, तेही मला माहीत नाही.

दिवस कलला. मैदानाकडून हलगीचा आवाज थांबला तशी पुरुष परत यायची वेळ झाली म्हणून बायका एकेक करून वर येऊ लागल्या. शेवंताक्का सगळ्यांत आधी निघाली. वरच्या पायरीवर येऊन ती बाहेर न पडता वळली, वाकली, लुगड्याचा भिजलेला घोळ दोन्ही हातांत धरला आणि तलावावरच घट्ट पिळला. पाण्याची धार पाण्यात पडली. मग पदर पिळला, तोही आतच. तिच्यामागची बाई तशीच वळली, तिच्यामागचीही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी एकमेकींकडं बघतही नव्हतं. फरशीवर पाणी सांडू न देता एकेक जण पायरीवर थांबत होती, पिळत होती आणि मगच बाहेर पाऊल टाकत होती. शेवटी आत्या. नवं कोरं लुगडं, पण त्यांनीही ते पीळ घालून घालून पिळलं.

मी पायरीपर्यंत पोहत आले, तिथंच उभी राहिले, वेणी सोडली आणि केस पाण्यावरच पिळले.